मित्र भेटीला येतात तेव्हा: इंटर्नने मोठ्या शहरातली संध्याकाळ शेवटून कशी आखावी

उन्हाळी इंटर्नशिपसाठी दोन-अडीच महिने मोठ्या शहरात राहणाऱ्याला भेटायला बाहेरगावचे मित्र येतात, तेव्हा त्यांच्या लेखी तो त्या शहराचा जुना रहिवासीच असतो. प्रत्यक्षात त्याला खोलीपासून ऑफिसपर्यंतची एक वाट, कोपऱ्यावरचे एक दुकान आणि जेवणाच्या दोन जागा एवढेच शहर ठाऊक असते. तरीही संध्याकाळची सगळी जबाबदारी त्याच्यावर येते. मग तो हमखास एकाच पद्धतीने चुकतो: आधी पाहण्याच्या ठिकाणांची यादी करतो, मग त्यांना वेळ वाटून देतो आणि परतीचा विचार रात्री साडेदहाला, रस्त्याच्या कडेला उभा राहून करतो. हा क्रम उलटा केला की निम्म्या अडचणी उरतच नाहीत. पुढे दिलेले टप्पे चार ते सहा जणांचा गट, कामाचा दिवस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऑफिस असे गृहीत धरून लिहिले आहेत.

टप्पा १: एक आठवडा आधी, दिवस ठरवणे आणि प्रश्न विचारणे

मित्रांना सोयीचा दिवस आणि इंटर्नला सोयीचा दिवस सहसा एक नसतो. मित्र सुट्टीवर असतात, इंटर्न नसतो. म्हणून आधी स्वतःचे ऑफिसचे कॅलेंडर उघडावे आणि सादरीकरण, मधल्या टप्प्याचा आढावा किंवा काम सोपवण्याची मुदत ज्या दिवशी असेल, तो दिवस आणि त्याच्या आदली संध्याकाळ सरळ बाद करावी. उरलेल्या दिवसांपैकी दोनच पर्याय मित्रांपुढे ठेवावेत. ‘तुम्हाला कधी जमेल?’ असे मोकळे विचारले की पाच जणांची सात उत्तरे येतात.

दिवस ठरला की ज्यांच्या हाताखाली काम करतो त्यांना दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवावे की, अमुक दिवशी वेळेवर निघायचे आहे. लवकर सोडण्याची विनंती इथे करायची नसते. संध्याकाळी पाच वाजता नवे काम अंगावर येऊ नये, एवढ्यासाठीच हे सांगणे असते.

त्यानंतर मित्रांना पुढील गोष्टी स्पष्ट शब्दांत विचाराव्यात. ते शहरात किती वाजता पोचणार आणि कोणत्या स्थानकावर? सामान सोबत असेल का, आणि असल्यास संध्याकाळपुरते कुठे ठेवणार? रात्री मुक्काम कुठे? कोणाला काय खाणे वर्ज्य आहे? कोणाला जास्त चालणे झेपत नाही? शेवटचा प्रश्न संकोचामुळे राहून जातो आणि मग दुखऱ्या गुडघ्याचा मित्र दोन किलोमीटर निमूटपणे चालतो.

*इशारा:* मित्र आपल्याच खोलीवर राहणार असतील, तर घरमालकाची किंवा वसतिगृहाची परवानगी आणि खोलीतल्या जोडीदाराची संमती या आठवड्यातच घ्यावी. रात्री बारा वाजता दारात उभे राहून मागितलेली संमती ही संमती नसते.

टप्पा २: परतीपासून उलटी मोजणी

हा टप्पा या लेखाचा गाभा आहे आणि नेमका हाच लोक गाळतात. कागद घ्यावा आणि सर्वांत खाली, जिची वेळ आपल्या हातात नाही अशी शेवटची गोष्ट लिहावी: वसतिगृहाचे दार बंद होण्याची वेळ, शेवटची गाडी किंवा मित्रांची परतीची बस. यांतली जी सर्वांत आधी येते, ती त्या संध्याकाळची भिंत होय. मग तिथून वर वर चढत यावे.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. समजा दार रात्री ११:३० ला बंद होते. स्थानक ते खोली चालत १५ मिनिटे, म्हणजे ११:१५ ला गाडीतून उतरले पाहिजे. गाडीचा प्रवास ३५ मिनिटांचा, म्हणजे १०:४० ची गाडी शेवटची चालणारी. परंतु त्या गाडीवर बेत आखायचा नाही. ती चुकली तर पर्याय उरत नाही. गाड्या दर पंधरा मिनिटांनी असतील, तर आपली गाडी १०:२५ ची, आणि फलाटावर १०:२० ला उभे राहायचे. जेवणाची जागा स्थानकापासून एक किलोमीटर असेल, तर एकटा माणूस ते अंतर बारा मिनिटांत चालतो. पाच जणांच्या गटाला गप्पा, सिग्नल आणि फोटो धरून वीस मिनिटे लागतात. म्हणजे १०:०० ला जेवणाच्या जागेतून बाहेर. बिल मागवल्यापासून बाहेर पडेपर्यंत पंचवीस मिनिटे धरावीत, म्हणजे ९:३५ ला बिल मागवायचे. जेवायला दीड तास, म्हणजे ८:०५ ला बसायचे.

आता वरून खाली यावे. ऑफिस ६:०० ला सुटले, भेट ६:४५ ला झाली. ६:४५ ते ८:०५ या ऐंशी मिनिटांतून जेवणाच्या जागेपर्यंत जाण्याची वीस मिनिटे वजा केली की हाती उरतो एक तास. ज्या संध्याकाळी मित्रांना चार ठिकाणे दाखवण्याचे कबूल केलेले असते, तिच्यात प्रत्यक्षात एका ठिकाणाला जागा असते, आणि हे आदल्या आठवड्यात कळलेले बरे.

*तपासणी:* मध्यरात्रीनंतरच्या वेळांमध्ये तारीख नीट वाचावी. शुक्रवारच्या रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी सुटणारी गाडी वेळापत्रकात शनिवारच्या तारखेखाली ००:१० अशी असू शकते. परतीचे तिकीट काढताना ही चूक झाली, तर ज्या गाडीसाठी आपण धावत येतो ती चोवीस तासांपूर्वीच गेलेली असते.

*तपासणी:* गाड्या किती वाजेपर्यंत चालतात, याचा अंदाज आपल्या गावावरून बांधू नये. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे चोवीस तास चालते, तर लंडनमध्ये रात्रभराची भुयारी सेवा केवळ शुक्रवारी आणि शनिवारी रात्री आणि तीही काही मार्गांपुरतीच असते. शिवाय सुट्टीचे वेळापत्रक वेगळे असते, आणि देखभालीची कामे बहुधा रात्रीच्या किंवा सुट्टीच्या वेळातच काढली जातात. म्हणून नेमक्या त्या तारखेचे वेळापत्रक पाहावे आणि त्या दिवशी दुपारी ते पुन्हा एकदा पाहावे.

टप्पा ३: ठिकाणांची निवड

एक गोष्ट पक्की आणि एक गोष्ट सैल, असे साधे सूत्र ठेवावे. पक्की म्हणजे जिला वेळ आहे: जेवणाची जागा, नाटक किंवा खेळाचे तिकीट. सैल म्हणजे जी पंधरा मिनिटांत उरकली तरी चालते आणि तासभर रेंगाळलो तरी चालते: नदीकाठ, जुना बाजार, उंचावरून शहर दिसणारी जागा. दोन पक्क्या गोष्टी एका संध्याकाळी ठेवल्या की पहिलीच्या उशिराचा भुर्दंड दुसरीला बसतो.

दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याजोगी असावीत आणि जेवणाची जागा परतीच्या स्थानकाकडे असावी. फिरणे आधी आणि जेवण नंतर, हाच क्रम ठेवावा, कारण दमलेली, पोट भरलेली माणसे पुन्हा उठून चालायला तयार होत नाहीत. प्रसिद्ध ठिकाण नाकारून साधे ठिकाण निवडावे लागले, तरी बिघडत नाही. मित्र शहर पाहायला दिवसाही जाऊ शकतात, इंटर्न मात्र त्यांना त्या संध्याकाळपुरताच मिळतो.

ठिकाणाच्या वेळा तपासताना ‘बंद होण्याची वेळ’ पाहून थांबू नये. अनेक ठिकाणी शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी थांबतो आणि जेवणाच्या जागी स्वयंपाकघर दारापेक्षा आधी बंद होते. चारपेक्षा जास्त जण असतील, तर टेबल फोन करून राखून ठेवावे आणि उशीर झाल्यास ते किती मिनिटे राखतात, हे त्याच फोनवर विचारावे.

सूर्यास्ताची वेळही पाहून ठेवावी. विषुववृत्ताजवळच्या शहरांत वर्षभर जवळजवळ एकाच वेळी अंधारते. उलट लंडनसारख्या उत्तरेकडच्या शहरात जूनच्या अखेरीस सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. दक्षिणेकडून तिथे गेलेल्याला नऊ वाजले तरी संध्याकाळ सुरूच आहे असे वाटत राहते. आकाशावरून वेळेचा अंदाज बांधण्याची सवय तिथे पक्की फसवते.

*इशारा:* ठरलेला रस्ता एकदा एकट्याने चालून पाहावा. नकाशावर जवळ दिसणाऱ्या दोन जागांमध्ये रेल्वेचे रूळ, उड्डाणपूल किंवा सहानंतर बंद होणारे उद्यान असते आणि ते चालल्याशिवाय कळत नाही. ऑफिसमधून घरी जाताना एका संध्याकाळी हे सहज जमते.

टप्पा ४: आदल्या रात्रीची तयारी

नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. फोन आपले स्थान उपग्रहांच्या संदेशांवरून काढतो. त्याला इंटरनेट लागत नाही. त्यामुळे आधी उतरवलेल्या नकाशावर नेटवर्क नसतानाही आपण कुठे आहोत, हे दिसते. मात्र गाड्यांच्या ताज्या वेळा आणि रस्त्यावरची गर्दी नेटवर्कशिवाय दिसत नाही, म्हणून परतीच्या तीन गाड्यांच्या वेळांचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

पॉवर बँक भरून घ्यावी, पण तिच्यावरच्या आकड्यावर भाबडा विश्वास ठेवू नये. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या बॅटरीचा असतो. व्होल्टेज वाढवताना आणि वायरमधून जाताना त्यातली बरीच शक्ती उष्णतेत जाते. ५,००० एमएएचचा फोन तिच्यावर दोनदा भरत नाही, दीडदा भरला तरी पुष्कळ म्हणावे. पाच जणांत एक पॉवर बँक असेल, तर ती कोणाच्या फोनसाठी राखायची, हे आधीच ठरलेले असावे. ती नकाशा पाहणाऱ्याच्या फोनसाठी राखावी. फोटो काढणाऱ्याच्या नव्हे.

प्रवासाचे कार्ड प्रत्येकाचे वेगळे असावे. अनेक शहरांत एकाच कार्डावर दोघांना फाटकातून जाता येत नाही. आत शिरताना कार्ड आणि बाहेर पडताना त्याच कार्डाचा फोनमधला अवतार वापरला, तर काही ठिकाणी यंत्रणा ते दोन वेगळे प्रवासी धरते आणि दोघांचे पूर्ण भाडे कापते. थोडी रोकड आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवावा. हा कागद मित्रांच्याही खिशात असावा, कारण फोन बंद पडलेल्या पाहुण्याला आपल्याच मुक्कामाच्या गल्लीचे नाव आठवत नाही.

मग गटावर एकच संदेश टाकावा आणि तो वर पिन करावा. चर्चेच्या ओघात विखुरलेले पन्नास संदेश कोणीही मागे जाऊन वाचत नाही. संदेश असा असावा:

‘उद्या ६:४५. मध्यवर्ती स्थानक, ३ क्रमांकाच्या दरवाज्याबाहेर, फुलवाल्याच्या डाव्या हाताला. रस्ता ओलांडू नये. ७:०० पर्यंत थांबू. नंतर येणाऱ्याने थेट जेवणाच्या जागी ८:०० ला यावे, पत्ता खाली आहे. १०:०० ला उठायचे आहे, गाडी १०:२५ ची. चालायचे आहे, तसे बूट घालावेत.’

*तपासणी:* संदेशात वेळ, जागा, उशीर झाल्यास काय करायचे, उठण्याची वेळ आणि पादत्राणे या पाचही गोष्टी आल्या आहेत का? उठण्याची वेळ आदल्या दिवशी लिहिली की ती सगळ्यांचा बेत ठरते. जेवताना सांगितली की तीच एका माणसाची कटकट वाटते.

टप्पा ५: ऑफिसातून निघणे

ठरलेल्या दिवशी दुपारी चारपर्यंत दिवसाचे काम आटोपत आणावे आणि जे उरले आहे त्याची दोन ओळींची नोंद वरिष्ठांना पाठवावी. पुढचे सगळे वेळापत्रक वेळेवर निघण्यावर उभे असते. निघायला वीस मिनिटांहून अधिक उशीर होणार, असे दिसताच लगेच कळवावे आणि मित्रांना थेट पुढच्या ठिकाणी पाठवावे. ‘बस, पाचच मिनिटे’ असे तीनदा कळवणे हा उशिराचा सर्वांत वाईट प्रकार आहे, कारण त्यात समोरच्याला बसताही येत नाही आणि जाताही येत नाही.

लॅपटॉप सोबत नेऊ नये. ऑफिसात कुलपाचा खण असेल आणि नियमांत बसत असेल, तर तो तिथे ठेवावा. नाहीतर त्या दिवशी खोली वाटेवर आहे का, ते पाहून आधी तिथे टाकावा. कंपनीचा लॅपटॉप खुर्चीखाली ठेवून जेवणाऱ्याचे अर्धे लक्ष पायाशी असते. गळ्यातले ओळखपत्र इमारतीतून बाहेर पडताच काढून बॅगेच्या आतल्या कप्प्यात घालावे, कारण त्यावर नाव, फोटो आणि कंपनी असे तिन्ही असते. ऑफिसचे बूट चावत असतील, तर चालायचे बूट सकाळीच सोबत आणलेले असावेत.

*इशारा:* मित्रांना ऑफिसच्या दारात बोलावू नये. त्यांना आत घेता येत नाही, स्वागतकक्षात त्यांचा आवाज चढतो आणि सोबत काम करणाऱ्यांपुढे आपण अवघडतो. आपण कशावर काम करतो, हे मित्र विचारणारच. त्याचे एका वाक्यातले, गोपनीयतेच्या कराराला धक्का न लावणारे उत्तर आधी तयार ठेवावे. स्क्रीनचे, फळ्याचे किंवा आतल्या जागेचे फोटो दाखवू नयेत, कितीही जवळचे मित्र असले तरी.

टप्पा ६: भेटण्याची जागा

‘स्थानकावर भेटू’ हे वाक्य मोठ्या शहरात निरर्थक आहे. टोकियोच्या शिंजुकू स्थानकाला बाहेर पडायच्या दोनशेहून अधिक वाटा आहेत. इतरत्र त्या दहा-बारा असल्या, तरी चुकायला तेवढ्या पुरतात.

माझ्या स्वतःच्या इंटर्नशिपच्या दिवसांत मी तिघा मित्रांना ‘मोठ्या घड्याळाखाली’ बोलावले होते. मी घड्याळाखाली उभा होतो. तेही घड्याळाखाली उभे होते. आम्ही एकमेकांना फोन करून काटे कुठे आहेत ते सांगत होतो आणि दोन्हीकडे काटे अर्थातच सारखेच होते. पंचवीस मिनिटांनी त्यांच्यातल्या एकाने सहज विचारले की, तुझ्या घड्याळामागची भिंत पिवळी आहे का. माझ्यामागे काच होती. त्या स्थानकाला तशी दोन घड्याळे होती, एकेका टोकाला एकेक, आणि मला रोजच्या वाटेवरचे एकच ठाऊक होते. त्या पंचवीस मिनिटांची किंमत आम्ही पुढे टेबल गमावून चुकवली.

म्हणून जागा ठरवताना तीन कसोट्या लावाव्यात. ती जागा एकमेव आहे का? तिला क्रमांक किंवा वाचता येईल असे नाव आहे का? आणि तिथे पंधरा मिनिटे उभे राहता येते का, म्हणजे ऊन, पाऊस आणि गर्दीचा लोंढा यांपासून बाजूला? फाटकाच्या आत की बाहेर, हेही स्पष्ट लिहावे. आत थांबलेला आणि बाहेर थांबलेला यांच्यामध्ये तिकीट उभे असते.

नकाशावरच्या निळ्या ठिपक्यावर उंच इमारतींमध्ये विसंबू नये. उपग्रहांचे संदेश काचेच्या भिंतींवरून परावर्तित होऊन येतात आणि ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. जमिनीखाली तर तो थिजूनच जातो. अशा वेळी ‘तू कुठे आहेस?’ असे न विचारता ‘तुझ्यासमोर कोणती पाटी आहे, ती वाचून दाखव’ असे विचारावे.

टप्पा ७: रस्त्यावर गट सांभाळणे

भेट झाल्यावर पहिली पाच मिनिटे कुठेही निघू नये. पाणी, स्वच्छतागृह, फोनची बॅटरी आणि सामान या चार गोष्टी तिथेच विचारून घ्याव्यात. त्यानंतर माणसे मोजावीत आणि पुढे प्रत्येक वळणानंतर, गाडीत चढल्यावर व उतरल्यावर पुन्हा मोजावीत. हे लहान मुलांच्या सहलीसारखे वाटते खरे. पण सहलीत मुले हरवत नाहीत, ती याचमुळे.

सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे. रस्ता माहीत असलेला पुढे आणि दमलेला मागे अशी रांग झाली की अंतर वाढत जाते. पुढचे थांबतात, मागचा धापा टाकत पोचतो आणि तो पोचताक्षणी पुढचे निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी, त्यालाच ती मिळत नाही.

गाडीचे दार बंद होऊन कोणी फलाटावर राहिले, तर काय करायचे, हे पहिल्या गाडीत चढण्यापूर्वीच सांगून टाकावे: चढलेल्यांनी पुढच्याच स्थानकावर उतरून तिथे थांबायचे, राहिलेल्याने मागून येणाऱ्या त्याच मार्गाच्या गाडीने तिथे यायचे. कोणीही उलट फिरायचे नाही. दोन्ही बाजू एकमेकांना शोधायला निघाल्या की त्यांची गाडी मधल्या बोगद्यात एकमेकांना ओलांडते.

*तपासणी:* सैल ठिकाणी पोचल्यावर निघण्याच्या वेळेचा गजर लावला आहे का?

टप्पा ८: जेवण आणि हिशेब

पैसे कसे वाटायचे, हे जेवण मागवण्याआधी ठरवावे; बिल आल्यावर नव्हे. इंटर्नला मानधन मिळते म्हणून तोच खर्च करील, असे मित्रांना वाटू शकते, आणि मित्र पाहुणे आहेत म्हणून आपणच द्यावे, असे इंटर्नला. दोघेही गप्प राहतात आणि महिनाअखेरीस एकाचे गणित कोलमडते. खाऊ घालायचेच असेल, तर एखादीच ठरावीक गोष्ट आपल्याकडून जाहीर करावी, उदाहरणार्थ शेवटचे गोड, आणि बाकीचे टीटीएमएम, म्हणजे तुझे तू आणि माझे मी, किंवा समान वाटणी, यांपैकी एक ठरवावे. खाण्यात किंवा पिण्यात मोठा फरक असेल, तर समान वाटणी अन्यायाची होते. न पिणाऱ्याने हे स्वतः म्हणण्याची वाट पाहू नये. पिणाऱ्यांपैकी कोणीतरी ते म्हणावे.

संध्याकाळभर प्रत्येक वेळी वेगळा माणूस पैसे देतो, तेव्हा हिशेबाचा गोंधळ होतो तो दर खर्चाची स्वतंत्र फेड करू पाहिल्यामुळे. पूर्ण संध्याकाळ एकत्र धरावी. समजा पाच जणांत एकूण २,५०० खर्च झाले, म्हणजे प्रत्येकाचा वाटा ५००. पहिल्याने १,२०० दिले होते, त्याचे ७०० येणे. दुसऱ्याने ८००, त्याचे ३०० येणे. तिसऱ्याने बरोबर ५०० दिले. त्याचा हिशेब मिटला. चौथ्याने आणि पाचव्याने काहीच दिले नाही, दोघांचे ५०० देणे. चौथ्याने पहिल्याला ५०० द्यावेत, पाचव्याने पहिल्याला २०० आणि दुसऱ्याला ३००. तीन व्यवहारांत सगळे संपले. माणसे कितीही असली, तरी त्यांच्या संख्येपेक्षा एकाने कमी इतक्या व्यवहारांत हिशेब नेहमीच मिटतो. जास्त लागत असतील, तर मांडणीत चूक आहे असे समजावे.

*इशारा:* दारूसंबंधीचे वयाचे नियम शहरागणिक, देशागणिक बदलतात आणि पाहुण्यांना ते ठाऊक नसतात. ओळखपत्राची चौकशी आधी करावी. यकृत दारू आपल्या गतीनेच विघटित करते. कॉफी, लिंबू किंवा थंड पाण्याने ती गती वाढत नाही. कोणी शुद्ध हरपल्यासारखा वाटला, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून त्याला एकटे सोडू नये. त्याला कुशीवर वळवावे, श्वासावर लक्ष ठेवावे आणि मदतीचा फोन करावा. भारत आणि युरोपीय संघासह अनेक देशांत तो क्रमांक ११२ आहे, अमेरिका आणि कॅनडात ९११.

टप्पा ९: परत

९:३५ चा गजर वाजला की बोलणे चालू असतानाच बिल मागवावे. बिल मागवणे म्हणजे उठणे नव्हे. उरलेल्या गप्पा बिल येईपर्यंत होतातच. उठताना खुर्च्यांच्या पाठी, टेबलाखालची जागा आणि चार्जिंगची खोबण शेवटच्या माणसाने पाहावी.

कोण कोणाबरोबर जाणार, हे फलाटावर नव्हे तर टेबलावर ठरावे. वाटा फुटतात तिथून ज्याला एकट्याने सर्वांत लांब जायचे आहे, त्याने आपले थेट स्थान गटावर सुरू करावे. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यासाठी पंधरा मिनिटे, एक तास आणि आठ तास असे पर्याय असतात. एक तासाचा पर्याय गाडीला उशीर झाला की ऐनवेळी संपतो, म्हणून आठ तासांचा निवडावा आणि पोचल्यावर स्वतः बंद करावा. टॅक्सी मागवली असेल, तर आधी गाडीचा क्रमांक अ‍ॅपमधल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. चालकाला आपले नाव सांगण्याऐवजी ‘कोणासाठी आला आहात?’ असे विचारावे.

शेवटची चालणारी गाडी चुकलीच, तर घाईने दुसरा पर्याय शोधत रस्त्यावर फिरू नये. उजेडाच्या, माणसे असलेल्या जागी सगळ्यांनी एकत्र थांबावे, एकाने टॅक्सी पाहावी आणि दुसऱ्याने वसतिगृहाला फोन करावा. दार बंद होण्याआधी आलेल्या फोनला मिळणारे उत्तर आणि दार बंद झाल्यावर वाजवलेल्या घंटेला मिळणारे उत्तर यांत फरक असतो.

प्रत्येकाने ‘पोचलो’ असा संदेश टाकावा आणि तो न आलेल्याला इंटर्नने फोन करावा. मित्र एकाच मुक्कामी असतील, तरीही खोलीत शिरल्यावरचाच संदेश खरा धरावा; ‘पोचतोच आहोत’ हा संदेश मोजू नये.

झोपण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात: बॅगेतले ओळखपत्र बाहेर काढून चपलांजवळ ठेवावे, सकाळचा गजर नेहमीपेक्षा दहा मिनिटे आधीचा लावावा आणि फोन चार्जिंगला लावावा. हिशेबाचा संदेश मात्र रात्री पाठवू नये. तो दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, येणे-देणे नावानिशी मांडून पाठवावा आणि त्याच संदेशात टेबलाखाली सापडलेला चार्जर कोणाचा, हेही विचारून घ्यावे.